तेरची 'लक्ष्मी' इटलीत कशी गेली? मालकीचा माग कसा काढायचा?

तेरणाकाठ

नमस्कार मंडळी. मी धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या शेजारच्या खेड्यातला, नोकरीनिमित्त लातूरला असतो, शाळेत इतिहास शिकवतो. आमच्या गावच्या ग्रुपवर आठ-दहा दिवसांपासून एक मेसेज फिरायलाय की तेरची दोन हजार वर्षांपूर्वीची हस्तिदंती लक्ष्मी इंग्रजांनी चोरून नेली आणि इटलीला विकली, ती आता नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे, ती परत आणण्यासाठी प्रत्येकानं हा मेसेज पुढं पाठवावा. खाली फोटो. फोटो खरा आहे, मूर्ती खरंच नेपल्सला आहे एवढं मला माहिती आहे. आता पोरं म्हणायलेत ग्रामसभेत ठराव घ्यायचा आणि कलेक्टर ऑफिसला अर्ज द्यायचा, आणि अर्ज लिहायचं काम माझ्याकडं दिलंय कारण मी इतिहासाचा मास्तर.

मला हा अर्ज मनापासून लिहायचाय. लहानपणी वडिलांसोबत तेरला गोरोबाकाकांच्या दर्शनाला गेलो की तिथल्या लामतुरे संग्रहालयात हमखास जायचो. तिथली हस्तिदंताची बाहुली, म्हणजे मूर्तीच, वीतभर सुद्धा नाही, पण अंगावरचा एकेक दागिना मोजून घ्यावा असा. वडील मला काचेला नाक लावून बघू द्यायचे. त्यामुळं नेपल्सच्या मूर्तीचा फोटो पाहिला तेव्हा मला अगदी ओळखीचं माणूस दिसल्यासारखं झालं, तोच कमरपट्टा, तीच ठेवण. म्हणून म्हणतो, ही आपलीच आहे असं मला आतून वाटतं.

पण वाटणं वेगळं आणि अर्जात लिहिणं वेगळं. माझा प्रश्न असा की तेरपासून नेपल्सपर्यंत ही वस्तू कोणाकोणाच्या हातातून गेली हे शोधायचं कसं? कोणी विकली, कोणी घेतली, म्युझियमकडं खरेदीची पावती असते का, ती मागता येते का? कोणाला अनुभव असेल तर सविस्तर सांगा, घाई नाही, ग्रामसभा पुढच्या महिन्यात आहे.

फेरफार_नोंद

गुरुजी, मी तलाठी म्हणून तीस वर्षं नोकरी केली, आता रिटायर आहे आणि जुन्या वस्तूंचं वाचन हा छंद आहे, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. कोणी येऊन म्हणालं की ही जमीन आमची, तर आपण काय करतो, आजचा सातबारा काढतो, त्यावरचे फेर नंबर बघतो आणि एकेक फेर मागं ओढत जातो. खरेदीखत, वारस, वाटणी, असं करत करत पाहणीपत्रक, मग १९५४ चं खासरा पत्रक, त्याच्या मागं निजामाच्या काळातले उर्दू कागद. जिथं एक फेर सापडत नाही तिथं भानगड असते. म्युझियमच्या वस्तूचं अगदी असंच आहे. आजच्या मालकापासून सुरू करायचं आणि मागं जायचं. तुमच्या मेसेजवाल्यानं तेरपासून सुरुवात केली, म्हणजे जे सिद्ध करायचंय तेच आधी गृहीत धरलं.

आता ह्या मूर्तीचे फेर बघा. आज ताब्यात कोणाच्या, तर नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाच्या, म्हणजे इटली सरकारच्या. दप्तरी नंबर १४९४२५. हा नंबर तुमच्या अर्जात आलाच पाहिजे, सर्व्हे नंबर नसलेला अर्ज कोणी वाचत नाही. त्याच्या मागचा फेर: १९३८ साली नेपल्सजवळच्या पॉम्पेई ह्या जुन्या रोमन शहरात उत्खननात सापडली. खोदणारे अमेदेओ मायुरी, तिथल्या सरकारी पुरातत्त्व खात्याचे प्रमुख. त्यांनी लगेच पुढच्या वर्षी तिच्यावर लेख छापला आणि लक्ष्मी हे नावही त्यांनीच दिलं. ज्या घरात निघाली ते घर पॉम्पेईच्या मोठ्या रस्त्याजवळ पहिल्या विभागात आहे आणि आज त्या घराचं नावच 'भारतीय मूर्तीचं घर' असं पडलंय.

म्हणजे खरेदी नाही, विक्री नाही, दलाल नाही. पावती मागून मिळणार नाही कारण ती फाडलीच गेली नाही. १९०९ साली इटलीत कायदा झाला त्यानुसार जमिनीतून निघालेलं पुरातन सगळं सरकारजमा, आणि इथं तर खोदणारंच सरकार. हा फेर एकदम स्वच्छ आहे. त्याच्या मागं काय, तर इसवी सन ७९ साली व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि शहर राखेखाली गेलं. तेव्हापासून १९३८ पर्यंत मूर्ती मातीत, १८५९ वर्षं एकही नोंद नाही, आणि होऊही शकत नाही. इंग्रज भारतात आले ते ह्या १८५९ वर्षांतल्या शेवटच्या काही शतकांत. त्यांनी चोरून नेली म्हणायचं तर आधी ती त्यांनी राखेखालून काढायला पाहिजे. आणि तसंही तेर निजामाच्या मुलुखात होतं. ह्या मेसेजमधलं ते वाक्य अर्जात येऊ देऊ नका, गावाची पत जाईल.

तरी मागायचं काय मागायचं असेल तर ह्या तीन-चार गोष्टी मागा. एक, उत्खननाची रोजवही. पॉम्पेईला रोज काय निघालं त्याची नोंद ठेवायची जुनी पद्धत आहे, आपल्याकडच्या पंचनाम्यासारखी. मग मायुरींचा लेख, सापडली तेव्हाचे फोटो, जोडकाम कधी आणि कसं केलं त्याची नोंद, कारण तुकड्यात निघाली होती. आणि युद्धाच्या वर्षातल्या हलवाहलवीचे कागद. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. १९४३ ला पॉम्पेईवर बॉम्ब पडले, तिथल्या संग्रहालयाचं नुकसान झालं, नेपल्सच्या वस्तू भरून भरून मोंते कासिनोच्या मठात नेऊन ठेवल्या होत्या आणि तिथून काही पेट्या जर्मन सैन्यानं उचलल्या, त्या पुढं ऑस्ट्रियातल्या मिठाच्या खाणीत सापडल्या. म्हणून इटलीतल्या कुठल्याही वस्तूचा माग काढणारा माणूस १९४० ते ४५ चं पान आधी उघडतो.

परदेशी_नांदेडकर

फेरफार काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. कंपनीच्या कामासाठी सहा महिने इटलीत होतो, एका शनिवारी मुद्दाम ट्रेन पकडून नेपल्सला गेलो होतो फक्त हिच्यासाठी. गंमत म्हणजे ती ज्या दालनात आहे त्याला 'गुप्त दालन' म्हणतात, पॉम्पेईची शृंगारिक चित्रं आणि मूर्ती पूर्वी कुलूपबंद ठेवायचे ते दालन, २००० सालापासून सगळ्यांना खुलं आहे. आपली बाई तिथं, मला सुरुवातीला जरा वाईट वाटलं. अंगावर दागिने सोडले तर फार काही नाही म्हणून तिला तिथं बसवलंय.

पण समोर गेलो आणि हललोच नाही. उंची साधारण २५ सेंटिमीटर, म्हणजे वीत आणि वर जरासं. पाय एकमेकात अडकवून उभी आहे. दोन्ही बाजूला दोन छोट्या दासी, हातात शृंगाराचं सामान. आणि हातात बांगड्या बघाल तर मनगटापासून कोपरापर्यंत गच्च, पायातही तसंच, वाळ्यांची चळत वर चढत गेलेली. मला एकदम आमच्या किनवटकडच्या तांड्यावरच्या म्हाताऱ्या बंजारा बायका आठवल्या, हस्तिदंती पांढऱ्या बांगड्यांनी भरलेले हात. तिथं उभं राहून डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. मागच्या बाजूनं पण कोरलेली आहे, वेणी, दागिने, सगळं. भिंतीला टेकवून ठेवायची वस्तू असती तर पाठीवर एवढी मेहनत कोण घेईल?

अजून एक बघितलं ते म्हणजे डोक्यात वरून खाली पाडलेलं भोक. त्याच्यावरून अभ्यासकांत वाद आहे, कोणी म्हणतं आरशाची मूठ होती, कोणी म्हणतं छोट्या टेबलाचा पाय होता. म्हणजे पूजेची लक्ष्मी म्हणणं अवघड आहे गुरुजी. बरेच जण आता यक्षी म्हणतात. हातात कमळ नाही, हत्ती नाहीत, लक्ष्मी ओळखायची कशावरून?

केळणेचं_पाणी

मी जालना जिल्ह्यातल्या भोकरदनचा. राग मानू नका पण तेरवाल्यांनी दरवेळी ही मूर्ती आपल्या नावावर करून घेतली की आम्हाला टोचतं. १९७३ ला भोकरदनला उत्खनन झालं, नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठानं मिळून केलं, एस. बी. देव आणि आर. एस. गुप्ते हे त्याचे कर्तेधर्ते. त्यात हस्तिदंती मूर्तीचा खालचा भाग निघालाय. मधे बाई आणि बाजूला दासी, म्हणजे नेपल्सच्या मूर्तीची मांडणी आमच्या तुकड्याला जास्त जुळते. तेरच्या मूर्तीला दासी नाहीत. मग सांगा जवळची नातलग कोण?

भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांच्या नावात भोगवर्धनचे लोक आहेत. आणि सांचीच्याच दक्षिण तोरणावर लिहिलंय की विदिशाच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी हे काम केलं. म्हणजे हस्तिदंतवाले कारागीर, भोगवर्धनचे दाते, सगळे एकाच रस्त्यावरचे लोक. विदिशा-उज्जैनवरून खाली आमच्याकडं आणि तिथून पैठण-तेर.

आता माझ्याच बाजूच्या विरोधात जाणारं पण सांगतो कारण खोटं बोलून मला मूर्ती नको. तिच्या बैठकीवर खरोष्ठी लिपीतलं एक अक्षर कोरलंय, 'शि' असं वाचतात. खरोष्ठी ही गांधारकडची लिपी, म्हणजे आजचा पाकिस्तान-अफगाणिस्तानचा पट्टा. आपल्याकडं सातवाहनांच्या काळात ब्राह्मी चालायची. मग हे अक्षर कामून आलं? एक तर कारागीर तिकडचा, किंवा मूर्ती आपल्याकडं घडली पण व्यापाऱ्याच्या हातातून उत्तरेकडून गेली, किंवा जोडकामासाठी खुणेचं अक्षर टाकलं आणि टाकणारा माणूस तिकडून आलेला होता. अफगाणिस्तानात बेग्रामला १९३७ आणि १९३९ साली फ्रेंच लोकांना हस्तिदंताचा मोठा साठा सापडला, त्यातल्या बायका पण ह्याच घराण्यातल्या वाटतात. म्हणून काही अभ्यासक मूर्तीचं गाव मथुरेकडं, काही विदिशाकडं, काही आपल्याकडं लावतात.

तेरणाकाठ

सगळ्यांचे आभार. खरं सांगतो, वाचून दोन दिवस अस्वस्थ होतो, उत्तर द्यायला हात धजला नाही. ज्या गोष्टीचा लहानपणापासून अभिमान बाळगला ती आपली आहे की नाही हेच पक्कं नाही असं दिसायलंय. मग आपला हक्क काहीच नाही का? पेरिप्लसमध्ये, म्हणजे त्या काळच्या ग्रीक भाषेतल्या व्यापारी प्रवासवर्णनात, तर तगर (म्हणजे आपलं तेर) आणि पैठण दोन्हींची नावं आहेत, भडोच बंदरापासून वीस दिवस दक्षिणेला पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवस तगर, गाड्या भरभरून माल जायचा. हे तर कोणी नाकारत नाही ना. आणि आमच्या तेरला पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, रोमन पद्धतीची मातीची खेळणी, मुद्रा एवढ्या निघाल्यात. गावातल्या लोकांना काय सांगू, अर्ज फाडून टाका म्हणू?

फेरफार_नोंद

फाडू नका गुरुजी. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात त्या सुट्या करा. वस्तू कुठं घडली हा एक प्रश्न आणि वस्तूची मालकी कोणाची हा दुसरा. कापूस परभणीचा असला म्हणून शर्ट परभणीच्या शेतकऱ्याचा होत नाही, त्यानं कापूस विकला आणि पैसे घेतले. तुम्हीच पेरिप्लस काढलं तर त्यात पैठणहून गोमेद-अकीक आणि तगरहून कापड गाड्यांतून भडोचला जायचं असं लिहिलंय, हा राजरोस व्यापार आहे. रोमन लेखक प्लिनी तर त्याच काळात तक्रार करतो की भारत आमच्या साम्राज्यातून वर्षाला पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. म्हणजे आपल्या माणसांनी माल विकून चांगलं नाणं घेतलेलं आहे. मूर्ती चोरीला गेली म्हणणं हा त्या कारागिराचा आणि व्यापाऱ्याचा अपमान आहे असं मला वाटतं. त्यानं ती अभिमानानं विकली असेल.

उलटं बघा. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५ च्या सुमारास समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती सापडली, ती आज टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. उद्या इटली म्हणाली की ही आमच्याकडची, परत द्या, तर आपण देऊ का? नाही देणार, आणि देऊही नये, ती कोल्हापूरच्या मातीत निघाली, तिचा तो इतिहास आहे.

हक्क कुठं लागतो ते पण सांगतो, इटलीच्याच उदाहरणानं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं १९७२ ला दहा लाख डॉलर मोजून एक ग्रीक रांजण घेतला, युफ्रोनिओस नावाच्या चित्रकाराचा. विकणाऱ्यानं कागद दाखवले की हा एका लेबनीज घराण्याकडं १९२० पासून आहे. फेर दिसायला मंजूर. पण खरं म्हणजे १९७१ ला रोमजवळ चेर्वेतेरीला चोरट्यांनी थडगं फोडून काढलेला होता. पुढं १९९५ ला जिनिव्हातल्या एका गोदामावर धाड पडली, एका इटालियन दलालाचं गोदाम, तिथं हजारो पोलरॉइड फोटो निघाले, त्यात मातीनं भरलेल्या, तुकडे झालेल्या वस्तू, ताज्या खणून काढलेल्या, आणि त्याच वस्तू नंतर मोठमोठ्या म्युझियमच्या काचेत स्वच्छ होऊन बसलेल्या. २००८ ला तो रांजण इटलीला परत गेला. तिथं मधला फेर खोटा निघाला म्हणून परत मिळाला. तुमच्या मूर्तीत खोटा फेरच नाही.

इटलीनं ह्यासाठी १९६९ ला पोलिसांचं वेगळं पथक काढलं, पन्नासहून जास्त वर्षं झाली. आपल्याकडं काय चाललंय ते मी नोकरीत बघितलंय, पुढं कोणी बोललं तर बोलतो.

पांढरीचा_पोरगा

मी बोलतो काका. माझं शेत तेरच्या बाजूलाच आहे, पांढरीच्या उताराला. पावसाळ्यात पहिला मोठा पाऊस झाला की माती वाहून जाते आणि मणी वर येतात, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, लाल-काळी खापरं. आमची आजी ते मणी नातवांच्या गळ्यात ओवून घालायची. बारा-तेरा वर्षांपूर्वी मला नांगरताना मातीचं एक मुंडकं सापडलं, अंगठ्याएवढं, पांढरट मातीचं, केसांची ठेवण इतकी बारीक की वाटलं आत्ताच कोणी विंचरून गेलंय. एक नाक जरा घासलेलं. मी ते देवघरात ठेवलं होतं. आठवड्याभरात एक माणूस मोटारसायकलवर आला, कसं कळलं त्याला देव जाणे, पाचशे रुपये दिले आणि घेऊन गेला. त्यावेळी बियाण्याची उसनवारी होती, मी दिलं.

आता तुम्ही सगळ्यांनी ही फेरफाराची गोष्ट सांगितली आणि माझी झोप उडाली आहे. कारण ते मुंडकं आज कुठं असेल तर त्याच्या कागदावर तेरचं नाव नसणार, माझ्या गटाचा नंबर नसणार. कोणत्या तरी घराण्याकडं शंभर वर्षांपासून होतं असं लिहिलं असेल. पहिला फेर मीच मोडला. नेपल्सची बाई सातासमुद्रापार जाऊन तिचं घर माहिती आहे, दिवस-साल माहिती आहे, आणि माझ्या शेतातलं मुंडकं माझ्यापासून दोन मैलावर असलं तरी अनाथ आहे. हे मला फार लागलंय.

केळणेचं_पाणी

भाऊ, तुमच्या एकट्याचं नाही, भोकरदनला पण हेच. कायद्यानं बघायचं तर जमिनीत पुरलेली दहा रुपयांच्या वरची वस्तू सापडली की कलेक्टरला कळवायचं, हा १८७८ चा कायदा आहे, आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी नेता येत नाही. पण शेतकऱ्याला वाटतं कळवलं तर शेत जाईल, चौकशी लागेल. ती भीती कोणीतरी घालवायला पाहिजे. लामतुऱ्यांनी तेरला जे जमवलं ते लोकांनी विश्वासानं आणून दिलेलं होतं आणि ते आज गावात बघायला मिळतं, एका माणसानं आयुष्य घातलं म्हणून.

गुरुजी, अर्जात हे घाला. आणि तेरची की भोकरदनची हे भांडण मी माझ्याकडून मिटवलं, दोन्ही गावांचं नाव टाका.

परदेशी_नांदेडकर

आणि परत द्या म्हणण्याऐवजी हे मागता येईल: नेपल्सच्या म्युझियमकडून मूर्तीचे चारी बाजूंनी चांगले फोटो आणि मापं, थ्रीडी स्कॅन करून दिलं तर तेरच्या संग्रहालयात हुबेहूब प्रतिकृती ठेवता येईल, आपल्या मूर्तीच्या शेजारी. आणि पुढं कधी प्रदर्शनासाठी काही महिने मूळ मूर्तीच उसनी मिळाली तर उत्तमच. दोघी शेजारी शेजारी बघायला मिळाल्या तर मी जिथं असेन तिथून येईन.

तेरणाकाठ

काल रात्री बसून अर्ज परत लिहिला. पहिला परिच्छेद इथं टाकतोय, चुकत असेल तर दुरुस्त करा:

'पॉम्पेई येथे १९३८ साली उत्खननात सापडलेली व सध्या नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात दप्तरी क्रमांक १४९४२५ असलेली हस्तिदंती लक्ष्मीमूर्ती ही तेर (जि. धाराशिव) व भोकरदन (जि. जालना) येथील मूर्तींशी निकटचे साम्य असलेली आहे. तिची प्रतिकृती तेर येथील संग्रहालयास मिळावी. तसेच तेर परिसरातील शेतात सापडणाऱ्या वस्तूंची जागेवर नोंद करण्यासाठी गावात महिन्यातून एक दिवस अधिकारी बसावा व नोंद करणाऱ्या शेतकऱ्यास कोणताही त्रास होणार नाही असे लेखी कळवावे.'

पांढरीच्या पोराला मी फोन केला होता, आम्ही रविवारी त्याच्या शेतात जाऊन ते मुंडकं कुठल्या तासात निघालं ती जागा वहीत मांडून घेणार आहोत. त्याला केसांची ठेवण अजून आठवते म्हणाला, चित्र काढून घेतो.

फेरफार_नोंद

चांगला आहे. दोन दुरुस्त्या. 'लक्ष्मीमूर्ती' काढून 'स्त्रीमूर्ती' करा. आणि रविवारी वहीत गट नंबर, बांधापासूनचं अंतर, साल आणि दोन पंचांच्या सह्या घ्यायला विसरू नका, एक पंच म्हणून मी येतो.